बेस कमी करणारा बेसवाला

अण्णाची राख सावडून व्हायच्या आत मला फोन आला, "आता बेस ट्रॅकवर टाकू."

ट्रॅकवर म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला. बटण दाबलं की वाजतो. माणूस लागत नाही.

त्याला आज वर्ष झालं. राग तेवढाच आहे.

नरसिंगअण्णा आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. दिवसा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, संध्याकाळी आमच्याबरोबर. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम.

मी गायिका. आवाज जाड, खालचा.

अण्णाच्या आधी जिथं जिथं गायले तिथं एकच सल्ला मिळाला. वरच्या पट्टीत गा, बायकांचा आवाज असा नसतो.
वर गेले की घसा बसायचा. खाली गायले की बेसमध्ये बुडून जायचे. गाणं सोडायच्या बेतात होते, खरं सांगते.

अण्णाबरोबरचा पहिला कार्यक्रम नवी पेठेतल्या एका मंडळाचा. साउंड चेकला मी दोन ओळी गायले आणि तो वाजवायचा थांबला. मला वाटलं, झालं, आता हाही पट्टी वाढवायला लावणार.

तो म्हणाला, "तू हाय तितंच गा. मी सरकतो की बाजूला."

आणि त्यानं अँपवरचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरवरचा, बेसचा नॉब खाली आणला.
बेसवाल्यानं. स्वतःचा.

मिडल, म्हणजे मधले सूर, थोडा वर घेतला. स्टेजच्या पोकळ फळ्या नुसत्या घुमतात म्हणून अँप उचलून सोड्याच्या क्रेटवर ठेवला. मग आम्हा सगळ्यांना वाजवत ठेवलं आणि गळ्यात गिटार, मागं लांबलचक वायर ओढत मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. परत आला, नॉब जरासा फिरवला, पुन्हा गेला. तिथून हात वर केला.

माझा आवाज तिथपर्यंत पोचत होता. मला रडू आलं, पण गात होते म्हणून आवरलं.

अँपचा टोन एकट्यानं वाजवून ठरवायचा नाही, हा त्याचा हट्ट. एकट्यात गोड वाटणारा टोन बँडमध्ये नुसता चिखल होतो म्हणायचा.

त्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष तावातावानं आला. बेस वाढव, डीजेसारखी छाती हादरली पाहिजे.

अण्णानं मान वर केली नाही. "हादरायला डीजेकडं जावा. हितं बाई गाती, ते ऐका."

त्या मंडळानं पुन्हा बोलावलं नाही. अण्णाचं काही अडलं नाही.

तर तो फोन. आमची कामं आणणाऱ्या साहेबांचा होता. मी म्हटलं, बेस ट्रॅकवर टाकणार असाल तर माझं गाणंही टाका. मी येत नाही.

कामं गेली. कीबोर्डवाला माझ्याशी बोलेना. लोक म्हणाले, बाईला माज आला.
आला तर आला.

मग नवा बेसवाला मिळाला, अल्ताफ, आणि छोटी कामं पुन्हा सुरू झाली. बोटं गोड. पण पहिल्याच कार्यक्रमात त्यानं मला पार बुडवलं. कार्यक्रमानंतर तोंड पाडून म्हणाला, "आपा, घर में तो मस्त बज रा था."

मी म्हटलं, घरी मी गात नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यालाही वायर ओढत मागं पाठवला. कुरकुरला, पण गेला.

काल प्रॅक्टिसला तेच फोनवाले साहेब आले, काम द्यायच्या आधी ऐकायला. अँपला चिकटून उभे राहिले आणि म्हणाले, बेस फार कमी आहे, वाढवा. मी भांडायला तोंड उघडलं.

त्याआधी अल्ताफ बोलला. "नहीं बढ़ेगा साहब. आपा गा रई."

अण्णा, तुझी जागा आम्ही बटणाला दिली नाही.

तुला निरोप द्यायला मला वर्ष लागलं. आता सुखानं जा.