चंद्रीची उन्हाळी सुटी

"डॉक्टरसाहेब, आज बी थेंब नाही देल्ला तिनं," नामदेव फोनवर म्हणाला. "कडबा बी खाऊन नाही राहिली. शाळेची कमिटी म्हणते, सोमवारी इकून टाका."

नामदेव हा कोराडी रोडवरच्या एका प्राथमिक शाळेचा शिपाई. चंद्री ही त्या शाळेची गाय. पालकांनी मिळून आणलेली. सोबत दोन शेळ्या आणि काही भांडखोर कोंबड्या. चंद्रीचं दूध बालवाडीच्या मुलांना मिळायचं. मी जनावरांचा डॉक्टर, सरकारी नोकरीतून रिटायर झालेला. शाळेची जनावरं फुकट तपासतो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून घरी करमत नाही, म्हणून जातो.

मे महिना होता. सुटी लागून आठवडा झालेला. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

ताप पाहिला, नाही. पोट तपासलं, ठीक. कासदाह म्हणजे कासेला येणारी सूज; ती टेस्टही निगेटिव्ह. कास तर भरलेली होती. पण नामदेवनं सडाला हात लावला की चंद्री दूध चोरायची. दूध कासेतून सडांत उतरणं म्हणजे पान्हा. तो गाईच्या मनावर असतो.

"डेअरीवाला म्हणते, पान्ह्याचं इंजेक्शन मारून द्या," नामदेव म्हणाला.

"अजिबात नाही. वासरू कुठाय?"

"ते तं थंडीतच मेलं ना, साहेब. तुमीच तं आलते."

हो, मीच आलो होतो. आपली गावरान गाय वासराशिवाय सहसा पान्हवत नाही. मग ही इतके महिने कुणासाठी पान्हवत होती? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पस्तीस वर्षं नोकरी केली आणि चूक शिकाऊ डॉक्टरची.

"एरवी दूध कमी कधी द्यायची?"

"रविवारी. म्या म्हटलं, तिले बी सुटी पायजेन."

"आणि बाकीच्या दिवशी धार कधी काढायचास?"

"सकाळी. पोरं पाढे म्हणत तवा."

गोठा दुसरीच्या वर्गाच्या खिडकीला लागूनच होता. मी हेडमास्तर कुंदा मॅडमना बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सात वाजता नामदेवनं शाळेची घंटा दिली. चंद्रीनं कान टवकारले, खिडकीकडे पाहिलं आणि जरा वेळानं मान खाली घातली. मला ते बघवेना. संध्याकाळी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मीही असाच दाराकडे बघतो.

मग नामदेवनंच खड्या आवाजात पाढा सुरू केला. "बे पंचे बारा..."

"दहा, नामदेवभाऊ, दहा!" मॅडम ओरडल्या. चंद्रीनं तोंड फिरवलं.

शेवटी मॅडम स्वतः घरोघर फिरल्या आणि दुसरीतल्या पाच-सहा मुली घेऊन आल्या. डोळे चोळत मुली वर्गात बसल्या. "पाढा काहून म्हणाचा मॅडम, सुटी आहे ना?" एकीनं विचारलं.

"चंद्रीले आयकाचा आहे," नामदेव म्हणाला.

बे एके बे, बे दुणे चार. बे चोक आठला चंद्री हंबरली. तिनाचा पाढा सुरू झाला आणि सडांतून दूध आपसूक ठिबकू लागलं. बादली आणायला नामदेव अनवाणी पळाला. मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले होते, मी थर्मामीटर पुसत बसलो.

विक्री रद्द झाली. सुटीभर मुली पाळीपाळीनं पाढे म्हणायला आल्या. केसपेपरवर मी लिहिलं: आजार नाही. आठवण. औषध: दोन ते पाचचे पाढे, रोज सकाळी.

माझी मुलगी बंगळूरला असते. रोज फोन करून तब्येत विचारते. मी सांगतो, सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्या रविवारी दुपारीही तिनं विचारलं.

"नॉर्मल आहेत," मी म्हणालो. "पण जेवण जात नाही गं. तू ये."

 ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत, बाबा?"

काय सांगणार? तपासणीत काही निघालं नाही, तर जनावर ठणठणीत आहे असं लिहायची आम्हा डॉक्टरांना सवयच असते.