गच्चीवरचा कवायतीचा वर्ग

शाळेत कवायत शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. शिटी वाजली की चारशे पोरं एकदम उजवीकडे वळायची. त्यामुळे मुलीनं वाडीच्या गोदामांजवळ सापडलेलं गावठी कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं आणि दोन महिन्यांत ते माझ्यावर सोपवून ती नोकरीसाठी पुण्याला निघून गेली, तेव्हा मी डगमगलो नाही. हा तर एकटाच होता.

रोज सकाळी गच्चीवर वर्ग भरू लागला. 'बस' तो दुसऱ्याच दिवशी शिकला. चौथ्या दिवसापासून मात्र बसण्याआधी माझी मूठ बघायला लागला. मुठीत बिस्कीट नसलं की तोंड फिरवून मोहल्ला न्याहाळायचा. शिटीचा परिणाम झाला तो खालच्या भाडेकरूंवर. ते तक्रार घेऊन आले.

शेवटी कामठीहून एका निवृत्त हवालदारांना बोलावलं. त्यांनी लष्करात कुत्री शिकवली होती. तासभर घाम गाळून ते चहाला बसले आणि म्हणाले, "सर, आमचे कुत्रे हुकूम मानत. हा हुकूम ऐकते, अन् मंग विचार करते."

मुलीला फोन केला, तर ती अभिमानानं म्हणाली, "बाबा, ही फार जुनी जात आहे. हिला माणसानं घडवलेलंच नाही."

"मंग तुम्ही काहून घडवून राहिले?" पत्नीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी मैदानावर त्याच्या गळ्यातला पट्टा निसटला. तो पन्नास पावलांवर जाऊन बसला. मी दहा पावलं पुढे गेलो की तो दहा पावलं मागे सरकायचा. त्याच्या मागे ट्रकांचा रस्ता होता. फिरायला आलेली मंडळी जमली. त्यात माझा एक जुना विद्यार्थी होता, आता पोट सुटलेला. "सर, शिटी वाजवा ना," तो म्हणाला. मी वाजवली. तो विद्यार्थी ताठ झाला. कुत्रा आडवा झाला.

नाश्ता थंड होतोय म्हणून पत्नी शोधत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि घराकडे वळली. कुत्रा उठला, अंग झटकलं आणि तिच्या मागे चालू लागला.

"कसं बोलावलं त्याले?" मी फाटकाशी धापा टाकत विचारलं.

"बोलावलं कुठं? मी घरी चालली होती."

तेव्हापासून मीही पाठ फिरवून चालू लागतो. तो बहुतेक वेळा येतो. येत नाही तेव्हा मी कोपऱ्यावरच्या कडुनिंबाआड उभा राहून त्याच्या निर्णयाची वाट पाहतो.

परवा त्याला पट्ट्याशिवाय माझ्या मागे येताना पाहून महागडा विलायती कुत्रा पाळणारे शेजारी म्हणाले, "सर, काय शिस्त लावली तुम्ही! आमच्याले बी शिकवा ना."

"दोन महिने लागतील," मी गंभीरपणे सांगितलं.