घर अगदी फिल्दी आहे हं!

आधीच हसू नका, नाहीतर सांगणारच नाही! मुलाचं जमत आलेलं लग्न मी एका लिंबाने मोडायला निघाले होते. होय, मीच.

आमचा निखिल आणि त्याच्या ऑफिसातली सई. दोघांचं ठरलेलं, फक्त घरच्यांची भेट बाकी. ह्यांना नेमका ताप, म्हणून आम्ही मायलेकच डोंबिवलीहून निघालो, घोडबंदर रोडला सईच्या घरी. टॅक्सीत निखिलचं एकच पालुपद. "आई, तू फक्त बस आणि हस. काही करू नकोस, प्लीज."

आता मला सांगा, मी काय करणार होते?

अठराव्या मजल्यावर सईच्या आईने दार उघडलं. "या ना, या! सॉरी हं, घर अगदी फिल्दी आहे आज!"

मी चपापलेच. हा शब्द मी नुकताच इंग्रजीच्या क्लासात शिकले होते. हो, पन्नाशीनंतर लावलाय क्लास! आमच्या बाईंनी 'डर्टी'च्या वरची पायरी म्हणून 'फिल्दी' शिकवला होता आणि उदाहरण दिलं होतं तुंबलेल्या गटाराचं. आणि ही बाई स्वतःच्या तोंडाने, होणाऱ्या विहिणीसमोर... काय वेळ आली असेल हो बिचारीवर! नक्की कामवालीने दांडी मारली असणार.

सईचे बाबा दोघा मुलांना घेऊन खाली क्लब हाऊस दाखवायला गेले. आई कॉफी करायला आत. हॉलमध्ये मी एकटी. मी घाण शोधायला लागले. फरशीत माझी टिकली दिसत होती. वाकून सोफ्याखाली पाहिलं, तिथेही धूळ नाही. आणि मग तो दिसला. काचेच्या फळीवर, खास त्याच्यासाठी लावलेल्या दिव्याखाली, काळाकुट्ट पडलेला तांब्याचा गडू!

आमच्याकडे पाहुणी बाई हात बांधून बसत नाही. नको नको म्हटलं तरी चार भांडी विसळतेच. मला गाडी लागते, म्हणून पर्समध्ये लिंबू असतं. डायनिंग टेबलावर मीठ आणि सुरी होती, कोपऱ्यात बेसिन. पदर खोचला आणि लागले घासायला. दहा मिनिटांत गडू नुसता लखलखला!

"काकू!"

दारात सई. तिच्या मागे निखिल, आणि त्याच्या मागे सईच्या बाबांचा पांढराफटक चेहरा.

"अहो, दोनशे वर्षांचा आहे तो," ते कसेबसे म्हणाले. "एका सरदारांच्या घरातला. तो काळेपणाच तर त्याची..."

"पण ताईच म्हणाल्या ना, घर फिल्दी आहे!"

"आई, ते नुसतं म्हणायचं असतं गं!" निखिल अगदी रडकुंडीला आलेला.

"काकू, इंग्लिशमध्ये सगळे असंच बोलतात," सई म्हणाली. "घर चकाचक करायचं आणि पाहुण्यांना फिल्दी सांगायचं. आपण नाही का, पाच पदार्थ करून 'काही नाही हो, साधंच केलंय' म्हणत?"

प्रकाश पडला, पण फार उशिरा! पोराने एवढं विनवलं होतं, आणि त्याचं लग्न मी बेसिनमध्ये धुऊन टाकलं.

आवाज ऐकून सईची आई बाहेर आली होती. तिने गडू उजेडात धरला. काळं गेल्यावर पोटावरची कोरीव अक्षरं स्पष्ट दिसत होती. ती मोठ्याने वाचू लागली, "महिला मंडळ, डोंबिवली पूर्व. पाककला स्पर्धा. उत्तेजनार्थ."

मग ती जी हसत सुटली, ती सोफ्यावर बसलीच. "सरदार! येईल त्या पाहुण्याला सांगतात हे, सरदार!" सईचे बाबा खिडकीशी जाऊन ट्रॅफिक बघत राहिले. माझा हात धरून ती म्हणाली, "बसा हो ताई, तारीख काढूया."

तर झालं लग्न. कार्यालयाच्या दारात सजावटीला जुन्या समया, हंडे, काळपट घंगाळं मांडली होती आणि शेजारी सफारीतला एक माणूस. मी जरा जवळ गेले की हा हात जोडून मध्ये उभा!

मला फार कौतुक वाटलं. निखिलला म्हटलं, "बरं केलंत रे, सिक्युरिटी ठेवलीत. कुणाचा काय भरवसा!"

निखिल मुंडावळ्या सावरत म्हणाला, "आई, तो तुझ्यासाठीच ठेवलाय."