सातांच्या रांगेतला पाच

आमच्या कोळीवाड्यातली पहिली बी.एस्सी. मी, आणि त्याचा माज मला होता. खोटं कशाला बोलू? मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, मला अंधेरीच्या एका कचेरीत समुद्रतळाचे नकाशे काढायची नोकरी लागली. माणसं होडीतून जायची, दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायची आणि खोली वहीत लिहून आणायची. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली असे. खाली चिखल असला तर चिकटून वर येई, खडक असला तर शिसं साफ येई. ते आकडे कागदावर मांडून सारख्या खोलीच्या रेषा जोडायच्या, हे माझं काम.

बाबाला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण नारळी पौर्णिमा झाली की डोलीचे खुंट कुठे ठोकायचे ते गाव त्यालाच विचारी. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. तोंड दोन खुंटांना बांधून ठेवायचं, मासळी पाणीच आणून घालतं. म्हणजे सगळा खेळ पाण्याच्या ओढीचा, आणि ओढ सरळ हवी. बाबा होडीच्या काठावर बसून बिडी संपेपर्यंत पाण्याकडे बघायचा आणि बोट दाखवायचा. त्याचं बोट कधी चुकलं नव्हतं. गावात त्याची जी काही किंमत होती ती त्या बोटाची.

त्या वर्षी आमची जुनी जागा गाळानं भरली. बाबानं नवी हेरली. ओहोटीचं पाणी तिथे असं धावायचं की बघत राहावं. फक्त उधाणाच्या दिवसांत एका बाजूला बारीकसा भोवरा उठायचा आणि तेच त्याला खात होतं.

"पानी सरल चाललंय, मंग हितंच का फिरतंय गो?" त्यानं मला जेवताना विचारलं. "खाली काय हाय? तुझ्या कागदात बघ ना."

बघायची गरजच नव्हती. तो कागद मीच आठवड्यापूर्वी काढला होता. त्या जागेजवळ आकड्यांची एक रांग होती, सात वाव, सात, सात, पाच, सात. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी खोली. साहेब म्हणाले होते, "हा पाच बसत नाही. मूळ वही काढून बघा." वही पलीकडच्या खोलीत, कपाटात. शनिवार होता, दुपारी मैत्रिणींबरोबर मॅटिनीला जायचं होतं, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. मी रबर घेतला, पाच पुसला, सात लिहिला. रेषा कशी झकास सरळ गेली!

"सपाट चिखल हाय बाबा," मी सांगितलं. "दोन खाड्यांचं पाणी भेटतं ना तिथे, म्हणून फिरतं." वर पुस्तकातली दोन वाक्यंही फेकली. बाबा मान हलवत ऐकत राहिला. त्यानं खुंट ठोकले, आणि त्याच्या भरवशावर आणखी दोन घरांनी त्याच्या बाजूला ठोकले.

पहिल्याच उधाणाला वाट लागली. खुंटांपासून थोडं पुढे खडकाचं टेकाड होतं. वाहतं पाणी टेकाडावर चढलं की त्याला जागा कमी पडते, ते जोरात धावतं, आणि पलीकडे उतरलं की गरगर फिरतं. बाबाला वरून दिसायचा तो भोवरा खालून असा उठत होता. त्या गरगरीनं डोलीच्या शेपट्या पिळल्या, खडकाच्या धारेवर आपटल्या आणि चिंध्या केल्या. तिन्ही घरांच्या. आयनं अख्खा पावसाळा पाठ मोडून विणलेलं जाळं होतं ते.

त्यानंतरच्या सोमवारी मी वही काढली. 'पाच. साफ.' दोनच शब्द, स्वच्छ अक्षरात. कोळ्याच्या पोरीला त्याचा अर्थ कुणी सांगायला हवा होता का? मी मुकाट्यानं सात पुसून पुन्हा पाच लिहिला. साहेब म्हणाले, "हां, आता बरोबर."

गावाची बैठक बसली तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते. ज्यांची जाळी गेली ते दोघं तोंडाला येईल ते बोलत होते. बाबा एवढंच म्हणाला, "माझा अंदाज चुकला. म्हातारा झालो." माझं नाव नाही, कागदाचं नाव नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. हसतील, नोकरी जाईल, असलं काहीबाही डोक्यात आलं. शी! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर त्याला विचारायला कुणी आलं नाही. त्यानं दोन दिवस दाराकडे तोंड करून जेवण केलं, मग वाट बघणं सोडून दिलं.

चार वर्षं मी ते पोटात ठेवलं. एका दुपारी तो किनाऱ्यावर दुसऱ्याचं जाळं शिवत बसला होता. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. शनिवार, रबर, मॅटिनी, सगळं. रडूच आलं मला. त्याचा हात थांबला नाही.

"खडक हाय ते मना ठाव होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खुंट ठोकायच्या आदी मी पन भवऱ्यापाशी शिसं सोडलंवतं. साफ आलं." त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "मी म्हटलं, आपलाच हात चुकला असंल. पोर सपाट बोलते, ती काय उगाच बोलंल?"