अमीनाचाची

परंड्याच्या आमच्या गल्लीत अमीनाचाचींचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांच्या स्वतःच्या हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या असत. पण कुणाच्या घरी माणूस अखेरचं अंथरुणाला खिळलं की चाची त्या सगळ्या उतरवून ठेवत आणि उघड्या हातांनी त्या घरात शिरत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जाणाऱ्याला लई बारीक आवाजबी टोचतो, मास्तर."

हकिमानं हात टेकले की चाची येत. त्यांना कुणी बोलावत नसे आणि परत जा असंही कुणी म्हणत नसे. त्या कूस बदलून देत, पाठीच्या जखमा धूत, अंथरूण पालटत. जवळ औषधाची पुडीसुद्धा नसे. "दवा संपली तरी मानूस लागतंयच की," असं त्यांचं म्हणणं. एक गोष्ट मात्र त्या कटाक्षानं पाळत. हिंदूच्या घरातल्या पाण्याला हात लावत नसत. पाणी पाजायची वेळ आली की घरच्यांना हाक मारत. "मरताना धरम बाटला, आसं मागं कुणी म्हनू नये."

शेजारचे एक म्हातारे पाटील तीन दिवस डोळे मिटून पडून होते. पावसाचे दिवस. मुलं उशाशी बसून सरणाच्या ओल्या लाकडांची चिंता करत होती. चाचींनी त्यांना दटावलं, "लाकडं गोठ्यात न्हेऊन ठिवा, पर हितं बोलू नगा. समदं जातं, कान मागं ऱ्हातेत." मग थोरल्याला विचारलं, "ह्यांच्या आवडत्या बैलाचं नाव काय हुतं?" तो म्हणाला, "सर्ज्या." म्हाताऱ्याची बोटं गोधडीवर हलली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि चाचींविषयी मला फार आदर वाटला. आदर वाटणं सोपं असतं.

पुढच्याच वर्षी माझ्या आईला क्षय झाला. निजामाच्या सरकारी शाळेत मी उर्दूतून भूगोल शिकवीत असे. वडील आधीच गेलेले. बायको बाळंतपणाला माहेरी होती, आणि तिकडून निरोप आला की आजार निवळेपर्यंत तिला पाठवणार नाही. घरात आई आणि मी. सकाळी दाराबाहेरून "कसं आहे?" विचारून मी शाळेत जाई. आईच्या थुंकीत रक्त दिसल्यापासून मी उंबरा ओलांडला नव्हता. पेज, पाणी उंबऱ्यावर ठेवायचो. चाची आल्यावर आईला बसतं करत, आणि आई स्वतःच्या हातानं घोट घेई. चाची मला कधी बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मास्तर, बसू नगा हवं तर. नुसतं आत येऊन हुबं ऱ्हावा."

मी उभाही राहिलो नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली, "मास्तर, पानी आना. आता तिला हात उचलंना. तुमीच पाजायला पायजे." मी तांब्या, पळी, तुळशीचं पान घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलो. आतून आईचा श्वास ऐकू येत होता. खरखरीत, थांबून थांबून येणारा. "या, दोनच पळ्या," चाची म्हणाल्या. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. मी सव्वीस वर्षांचा होतो. चाचींनी आणखी दोनदा हाक मारली. मी वळून पाहिलं तेव्हा त्या तांब्या उचलून आत नेत होत्या.

दुपारी येरमाळ्याहून मामा आले. भाऊबंद जमले होते. मामांनी पहिला प्रश्न केला, "शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"मी," मी म्हणालो.

मामांनी दाराशी बसलेल्या चाचींकडे पाहिलं. "तू हुतीस ना गं इथं? व्हय का?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय. लेकाच्याच हातचं."

मामांनी मला पोटाशी धरलं. असा लेक देवानं सगळ्यांना द्यावा, असं कुणीतरी म्हणालं. मी रडलो, आणि ते रडणं आईसाठी आहे असं सगळ्यांना वाटलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. रजाकारांवरचा राग लोक शेजाऱ्यांवर काढू लागले. चाचींच्या अंगाला कुणी हात लावला नाही, पण बांगड्या भरायला कुणी जाईना, आणि घरात माणूस मरत असलं तरी दारं लोटलेलीच राहू लागली. एका सकाळी त्यांच्या दारात बैलगाडी उभी राहिली. नवऱ्यासोबत त्या भावाकडे हैदराबादला निघाल्या होत्या. गल्ली दारादारांतून बघत होती. मामाही त्या दिवशी आमच्याकडे होते. आज सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरवून मी गाडीपाशी गेलो. पण गाडीचा दांडा धरून नुसता उभा राहिलो.

चाची वाकून हळूच म्हणाल्या, "मास्तर, जिवाला लावून घिऊ नगा. उशाशी ठिवताना तांब्या वाजला तवा तुमची आई म्हनली, आला वाटतं माझा लेक. डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला. म्या तोंडातून अक्षर काढलं न्हाय. तुमचाच हात समजून प्याली ती."

गाडी हलली. किल्ल्याच्या बाजूनं वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

मामा जवळ येऊन म्हणाले, "काय म्हणत हुती रं?"

"काही नाही," मी म्हणालो.