साडूंचं नरमपणाचं माप

माझ्या साडूंइतका मोजमापाचा नाद असलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. मीही दूध, पेट्रोल, विजेचे युनिट मोजणारा गृहस्थ. पण हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी किती नरम आहे ते मोजतात! केसाहून बारीक काचेच्या नळीत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची एकेक पेशी अलगद ओढायची. नरम असली तर ती शेवईसारखी आत जाते, ताठ असली तर तोंडाशीच अडून बसते. त्या वेळी टेबल जरासुद्धा हलून चालत नाही, म्हणून ते कॉलेजची पाण्याची मोटर बंद करायला लावतात. सगळी इमारत कोरडी! शिपाई दारातून विनवतो, "टाकी खाली झाली ना साहेब, आता तरी लावू मोटर?" आतून उत्तर येतं, "थांब ना बावा, पेशी आत जाऊन राह्यली!"

हा नाद बाहेरही सुटत नाही. उशी, पोळी, माझं पोट, सगळं अंगठ्यानं दाबून पाहतात. बाभुळगावच्या बाजारात भाजीवालीनं शेवटी विचारलंच, "साहेब, वांगं घेऊन राह्यले का त्याची मालिश करून राह्यले?" लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम दाबून आचाऱ्याला सांगतात, "वरून ताठ, आत नरम. एकदा दाबून समजत नाही." माझी बायको त्यांच्या शेजारच्या पानावर बसतच नाही.

त्यांच्या दहावीतल्या मुलीला सिकलसेल आहे. तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होऊन अडकतात आणि सांधे ठणकतात. डॉक्टरांनी नवं औषध सुरू केलं. पेशी नरमल्या का, हे पाहायच्या दिवशी त्यांनी मला कॉलेजात बोलावलं आणि स्वतः मात्र प्रयोगशाळेबाहेर पायरीवर येऊन बसले.

"तुम्ही नाही मोजत? काहून?"

"बापाचा डोळा हाय भाऊ. ताठ पेशीलेही नरम म्हणीन."

बऱ्याच वेळानं त्यांच्या सहकारी मॅडम बाहेर आल्या. "सर, मागच्यापेक्षा नरम आहेत. आकडा सांगू?"

"राहू द्या जरा वेळ."

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. "बाबा, आज सायकलनं जाऊ क्लासले?"

एरवी ते नाहीच म्हणाले असते. "जाय," ते म्हणाले. "पानी सोबत ने. अन् पोचली की फोन कर."

औषधानं आजार आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आत बंद ठेवलेली पाण्याची मोटर सुरू झाली. ते उठले नाहीत, फोनही खिशात ठेवला नाही. मीही बसून राहिलो, ती पोचेपर्यंत.