पन्नास दिरहमचा वाटा

बंदरावरच्या कामासाठी नवरा आठवडाभर खोर फक्कानला निघाला, तेव्हा जाताना म्हणाला, "माझा शेअर तेवढा पाठव हं." त्याच्या ऑफिसमधले दहा जण दर महिन्याला मिळून लॉटरीचं एक तिकीट घेतात. प्रत्येकी पन्नास दिरहम, म्हणजे आपले साडेअकराशे.

मी शाळेत गणित शिकवते. त्या आठवड्यात वर्गात प्रोबॅबिलिटीच चालू होती. बक्षिसाची रक्कम गुणिले ते लागण्याची शक्यता, भागिले दहा. माझ्या हिशेबाने पन्नासातले अर्धेही परत येत नव्हते. हे मी त्याला अनेकदा सांगितलं होतं, आणि तो दर वेळी हसून पैसे भरायचा. या वेळी मी भरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पैसे गोळा करणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याचा फोन आला. वसईचे गृहस्थ, मोकळ्या स्वभावाचे. "वहिनी, तुमचा शेअर राहिलाय. सहानंतर खलास."

"या महिन्यात राहू द्या."

"बरं, आम्ही नऊ जण भरतो. पण वहिनी, नेमकी याच वेळी लागली तर?"

सोडत चार दिवसांनी होती. ते चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शक्यता होती तेवढीच होती, लाखांत एक. पण तिकीट घेऊन हरलो असतो तर पन्नास दिरहम गेले असते, आणि आम्ही ते विसरलो असतो. न घेता ते नऊ जण जिंकले तर? ते राजीनामे देऊन घरी जातील आणि नऊ रिकाम्या खुर्च्यांमध्ये माझा नवरा एकटाच बसलेला असेल. शिकवताना मी मध्येच गप्प व्हायचे. आमटीत दोनदा मीठ पडलं.

शेवटी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "रिलॅक्स आई, इट्स ऑलमोस्ट झीरो." मग दारातून वळून म्हणाली, "बट नॉट झीरो."

सोडत मी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगखाली, गाडीत बसून फोनवर पाहिली. नंबर दुसऱ्याच कुणाचा निघाला. हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

तो परत आला तेव्हा जेवताना सगळं सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला.

"लागली नाही ना? मग सांगतेस कशाला?"

"लागली असती तर सांगायची हिंमतच झाली नसती."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "गणित मलाही कळतं गं. पण तिकडे उन्हात उभा राहून मी चार दिवस गावाकडच्या प्लॉटवर घर बांधत होतो. परवा तर खिडक्याही बसवल्या. निदान विचारायचं तरी होतंस."

तेव्हापासून, बाहेरगावी असला तरी, तो शेअर स्वतःच पाठवतो, माझ्यासमोर कधीच नाही. ते मला अजून टोचतं.